भेटीच्या दिवसाचा माठ

मी आचाऱ्याला शाबासकी द्यायला गेलो होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

पंगत नुकतीच उठली होती. नागपूरहून आलेले शिक्षणखात्याचे साहेब पान खायला वकीलसाहेबांच्या बैठकीत गेले होते. मी आंचवलो, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. जन्मात पहिल्यांदा मी कुणब्या-माळ्यांच्या, वाण्या-बामणांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून जेवलो होतो. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, वर मठ्ठा. वाढणाऱ्यानं लांबून फेकलं नव्हतं, वाकून वाढलं होतं. माझा ऊर भरून आला होता. वाटलं, ज्यानं रांधलं त्याला दोन शब्द बोलावेत.

चूल अजून पेटलेली होती. विस्तवात पितळी पेले घातले होते. मी मोजले. आठ. पंगतीत आमच्या जातीची पोरं सात होती. आठवा मी.

आचाऱ्यानं मान वर केली. त्याला सगळे महाराज म्हणत. तो रागावला नाही, ओशाळलाही नाही. सांडशीनं एक पेला पलटत म्हणाला, "मास्तर, तथूनच बोला. पेले शुद्ध करून राह्यलो."

मी म्हणालो, "स्वयंपाक चांगला झाला, महाराज."

हे शब्द मी खरोखर बोललो. शिवी नाही, प्रश्न नाही. स्वयंपाक चांगला झाला. आज इतक्या वर्षांनी आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ही माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. नोकरी बोर्डिंगच्या सुपरिंटेंडंटची. गाव तालुक्याचं, कापसाच्या बाजाराचं, सरकी काढायच्या जिनाच्या भोंग्यावर उठणारं. बोर्डिंगच्या पाटीवर 'सर्वजातीय विद्यार्थी बोर्डिंग' असं लिहिलेलं होतं. ते वकीलसाहेबांनी काढलं होतं. वकीलसाहेब म्हणजे गावातले मोठे वकील, जातीनं ब्राह्मण, सुधारक म्हणून अमरावती-नागपूरपर्यंत ज्यांचं नाव, असे. बोर्डिंगात चाळीसेक पोरं. कुणबी, माळी, तेली, वाणी, चार ब्राह्मण, दोन मुसलमान, एक बंजारा, आणि आमची महारांची सात. अशा बोर्डिंगावर सुपरिंटेंडंटही महारच नेमला, म्हणून वकीलसाहेबांचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं. माझं आलं नाही. 'एक मॅट्रिक झालेला अस्पृश्य तरुण' असं आलं. माझा बाप पिंपळगाव राजाच्या महारवाड्यात ते कात्रण फेट्यात खोचून फिरला. वाचता येत नव्हतं त्याला. कोणी भेटलं की काढून दाखवायचा.

वकीलसाहेब मला 'तू' म्हणत. साहेब आले की 'तुम्ही'. भेटीच्या दिवशी सकाळपासूनच 'तुम्ही' सुरू व्हायचं, जिभेला सवय लागावी म्हणून. साहेबांची गाडी हलली की स्टेशनच्या फलाटावरच पुन्हा 'तू'. आणि मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मुलांशी शुद्ध बोलत जा. तुमचं ते मले-तुले इथं नको." मी शिकलो. इतका शिकलो की घरी गेलो तर माय म्हणायची, "काऊन रे, पाव्हन्यावानी बोलून राह्यला?"

आता बोर्डिंग कसं चालायचं ते सांगतो. नाव मोठं, लक्षण खोटं, म्हणतात ना, तसं.

मुख्य वाडा स्पृश्य पोरांचा. मुसलमान पोरांना ओसरीच्या टोकाला एक खोली. आमची पोरं गोठ्याच्या मागं, टिनाच्या शेडमध्ये. मीही तिथंच. उन्हाळ्यात टिनाखाली डोकं भाजून निघायचं. जेवण मागच्या दारातून. आचारी ताटं उंबऱ्यावर ठेवायचा, मागं सरायचा, मग पोरांनी उचलायची. पाण्याला हात लावायचा नाही. ओंजळ धरायची, वरून कोणी ओतलं तर प्यायचं. ओतणाऱ्याला वेळ नसला तर थांबायचं. तहान काय, थांबते.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, भेटीचा दिवस. त्या दिवशी साहेब नागपूरहून येत. त्या दिवशी शेडला कुलूप. आमची पोरं न्हाऊन-धुऊन वाड्यात. एक पंगत. ओसरीवर तिवईवर एक माठ, त्यातून कोणीही हातानं पाणी घ्यावं. साहेब बघत, मान डोलवत, वहीत टिपत. तो माठ मुद्दाम जुना, झिरपणारा निवडत. कारण संध्याकाळी तो फोडायचाच असायचा. पितळ विस्तवात घालून शुद्ध होतं. मातीला तो उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच तिवईवर नवा माठ. आणि आमची पोरं पुन्हा मागच्या दारी.

या सगळ्यात माझं काम काय? अहवाल लिहिणं. माझं अक्षर मोत्यासारखं. 'या संस्थेत सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकाच माठातील पाणी पितात.' हे वाक्य मी बारा वर्षं लिहिलं. खाली सही वकीलसाहेबांची. दुसरं काम त्याहून वाईट. भेटीच्या आदल्या दिवशी मी आमच्या पोरांना शेडमध्ये बसवायचो आणि समजावायचो. "उद्या एक दिवस. उद्या वाड्यात जेवायचं, माठाला हात लावायचा, लाजायचं नाही. साहेबांनी विचारलं तर 'सगळं ठीक आहे' म्हणायचं. परवा पुन्हा आपलं मागचं दार. कोणी चूक करायची नाही." नवीन पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहायची. जुनी खाली मान घालायची. मला वाटायचं, मी त्यांना मारापासून वाचवतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा खायचा, ते मी शिकवत होतो. आणि चांगलं शिकवत होतो. बारा वर्षांत एकाही पोरानं चूक केली नाही.

काहीच केलं नाही असं नाही. बंजारा पोरगा सहा महिने मुका बसला होता. शाळेतले मास्तर म्हणायचे, मठ्ठ आहे. मी त्याच्याकडून त्याच्या बोलीतले चाळीस-पन्नास शब्द शिकलो आणि त्यांच्यावरून त्याला गणित शिकवलं. पुढं तो वर्गात तिसरा आला. रोज्यांच्या महिन्यात मुसलमान पोरांना वेळेवर खायला मिळावं म्हणून मी आचाऱ्याशी भांडलो. आमच्या पोरांना वाचनालयातली पुस्तकं शेडमध्ये न्यायची परवानगी नव्हती, तर मी माझ्या नावावर काढून त्यांना देत होतो. धामणगाव बढ्याचा एक पोरगा माझ्याच हाताखाली मॅट्रिक झाला. अशा चार-दोन गोष्टी मनात घोळवत मी झोपायचो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं स्वतःला सांगायचो. मी मूर्ख नव्हतो. मला सगळं कळत होतं. म्हणूनच माझी मला चीड येते.

बाराव्या वर्षी आमच्या पोरांतला एक जण तापानं घरी गेला तो परत आला नाही. मधल्या काळात साताची आठ झाली होती, ती पुन्हा सात राहिली. भेटीचा दिवस पाच दिवसांवर. वकीलसाहेबांनी मला बोलावलं.

"सात चालणार नाहीत," ते म्हणाले. "साहेबांनी गेल्या वर्षी आठ लिहिलेत. कमी झाले तर विचारतील. एक मुलगा घेऊन ये."

बाजारातून शेळी आणावी तसं. मी गेलो.

वरवट बकालच्या महारवाड्यात दौलत होता. तेरा वर्षांचा. गावच्या शाळेत पडवीत बसून चौथी झालेला, वाचन खणखणीत. बाप नव्हता. माय लोकांच्या वावरात वेचणीला जायची. मी तिच्या दारात उभा राहून बोर्डिंगचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिनं जेवणाचं विचारलं नाही, कपड्यांचं विचारलं नाही. एकच विचारलं.

"मास्तर, तथी माह्या लेकराले पान्याले हात लावू देतीन काय?"

मी "हाव" म्हणालो.

खोटं बोलायला मला एवढाही वेळ लागला नाही. बारा वर्षं लिहिलेलंच वाक्य होतं ते. फक्त तोंडानं म्हटलं. तिनं दौलतच्या डोक्याला तेल लावलं, फडक्यात दोन भाकरी बांधल्या आणि तो माझ्यासोबत निघाला. वाटेत तो मला हजार प्रश्न विचारत होता. "मास्तर, तथी नकाशा हाये काय? मास्तर, विंग्रजीचं पुस्तक मोठं रायते काय?" असा पोरगा.

पोरगा शोधण्यात चार दिवस गेले होते; आम्ही पोचलो तो भेटीचा आदला दिवस, आणि मी लगेच नेहमीप्रमाणं पोरांना शेडमध्ये बसवलं. दौलत पुढं बसला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "मास्तर, उद्या आपन वाड्यात जेवाचं ना? माय म्हने, तथी समदे एक हायेत."

जुनी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी बोलायला हवं होतं. उद्या एक दिवस, परवा मागचं दार, हे मला पाठ होतं. पण त्याच्या मायेला मी 'हाव' म्हटलं होतं आणि ते अजून कानात होतं. मी म्हणालो, "हो. लवकर उठा, आंघोळी करा." आणि उठलो. मनात म्हटलं, उद्या संध्याकाळी त्याला एकट्याला समजावू.

भेटीचा दिवस चांगला गेला. दौलतनं साहेबांसमोर धडा वाचून दाखवला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. दौलत पंगतीत वाण्याच्या पोराशेजारी बसला, त्यानं माठातून स्वतःच्या हातानं तीनदा पाणी घेतलं. तिसऱ्यांदा तहान नव्हती त्याला, मी बघत होतो. संध्याकाळी साहेब डाकबंगल्यावर मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी. वकीलसाहेबांनी मला सांगितलं, "अहवालाची साफ प्रत सकाळी त्यांच्या हातात गेली पाहिजे." मी लिहायला बसलो आणि दौलतला समजावायचं राहून गेलं. राहून गेलं, असं मी म्हणतो. खरं म्हणजे मी ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या खोलीत साफ प्रत काढत होतो. 'एकाच माठातील' इथपर्यंत आलो होतो. ओसरीवर आरडाओरडा झाला. पोरं पोरांत भांडत असतील असं मला वाटलं. मी ओळ पूर्ण केली. मग उठलो.

दौलत हातात पेला घेऊन त्या नव्या माठापाशी गेला होता. कालही माठ तिथंच होता. आज नवा होता, एवढाच फरक. त्यानं पेला बुडवला. काल ज्याच्या शेजारी जेवला तो वाण्याचा पोरगा ओरडला. आणखी दोन मोठी पोरं धावली, त्यांनी त्याला खाली पाडला. आचारी स्वयंपाकघरातून आला, हातात चुलीची लोखंडी फुंकणी.

"कोनता हात लावला बे?"

दौलतनं उजवा हात पुढं केला. शाळेत मास्तरांनी हात पुढं कर म्हटलं की पोरं करतात, तसा. त्याला वाटलं असेल, एक छडी बसेल आणि संपेल. हे मी पाहिलं नाही. मला बंजारा पोरानं सांगितलं, तो तिथं उभा होता.

मी पोचलो तेव्हा दौलत तिवईखाली बसला होता. उजवा हात डाव्या हातात धरलेला. तीन बोटं भलतीकडेच वळलेली. तो रडत नव्हता. माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, काल तं चालत होतं."

मी खाली बसून त्याचं मनगट धरलं.

कोणीतरी वकीलसाहेबांना बोलावून आणलं. ते खांद्यावर उपरणं टाकून घाईघाईनं आले. त्यांनी दौलतकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. मग त्यांनी मला ऑफिसात नेलं, दार लोटलं.

"मास्तर, तुम्ही त्याला समजावलं नव्हतं का?"

'तुम्ही' म्हणाले. साहेब अजून डाकबंगल्यात होते.

"नाही," मी म्हणालो.

"ही चूक तुमची आहे."

होती. ती मी नाकारत नाही. पण चूक त्यांनी कशाला म्हटलं, ते बघा. फुंकणी मारली ती चूक नाही. माठ फोडायचा ठेवला ती चूक नाही. एक दिवस खोटा आहे हे पोराला सांगितलं नाही, ती चूक.

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "पायरीवरून पडला, असं लिहा. नवीन इमारतीची मंजुरी साहेबांच्या हातात आहे. चाळीस मुलांचा प्रश्न आहे. तुमच्या आठ मुलांचाही आहे. उद्या बोर्डिंग बंद पडलं तर ती कुठं जातील?" मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठीच आम्ही लोकांच्या शिव्या खातो, मास्तर. हे विसरू नका."

मी टाक उचलला. दौतीत बुडवला. बारा वर्षांची सवय, हात आपोआप गेला. 'दौलत' एवढं लिहिलं. आणि पुढं माझा हात चालेना. मोठं धैर्य वगैरे आलं असं नाही. पण 'पायरी' हा शब्द हातातून उतरेना. बाहेर त्याचं कण्हणं सुरू झालं होतं. आता सुरू झालं होतं.

"नाही लिहत मी," मी म्हणालो. वकीलसाहेबांसमोर बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून माझी बोली निघाली. "तुमी लिहा. तुमच्या हातानं लिहा."

मी टेबलावरची अहवालाची साफ प्रत घेतली. बाहेर जाऊन दौलतला उठवलं आणि डाकबंगल्याकडं निघालो. मागून वकीलसाहेब ओरडत होते, "मास्तर! मास्तर!" आणि मग, "अरे ए! परत फिर!"

साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. पुढ्यात संत्र्यांची परडी. मी पायरीखाली उभा राहिलो. अहवालाचा कागद वर धरला आणि सगळं सांगितलं. माठ, पेले, शेड, मागचं दार, बारा वर्षं. हा अहवाल माझ्या हातचा आहे आणि यातली ओळ न् ओळ खोटी आहे, हे सांगितलं. दौलतचा हात पुढं करून दाखवला. साहेबांनी नीट ऐकलं. मधे बोलले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

साहेब म्हणाले, "मी काल आलो तेव्हा सगळे एकत्र जेवत होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं."

"ते एक दिवसाचं होतं, साहेब."

"मला एकाच दिवसाचं लिहिता येतं. माझी भेट काल संपली."

त्यांनी परडीतलं एक संत्रं उचललं आणि दौलतसमोर धरलं. म्हणाले, "काल तू छान वाचलंस." दौलतनं सवयीनं उजवा हात उचलला आणि ओरडला. मी ते संत्रं घेतलं आणि पायरीवर ठेवलं. अहवालाचा कागद फाडला, तोही तिथंच ठेवला. साहेबांनी चपराशाला हाक मारली. आम्ही निघालो.

फाडून काय झालं? काही नाही. दुपारच्या गाडीआधी दुसरी प्रत गेली, वकीलसाहेबांच्या कारकुनाच्या अक्षरात. इमारतीची मंजुरी आली. मला त्याच संध्याकाळी शेडमधून सामान काढायला सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दौलतच्या बोटांना फळी बांधली, पण दोन बोटं वाकडीच जुळली. तो टाक धरू शकत नाही. कापूसही वेचू शकत नाही. बोंडातून कापूस काढायला बोटं लागतात. आता तो जिनात डोक्यावर गाठोडी वाहतो.

त्याला मीच घरी पोचवला. त्याची माय दारात होती. तिनं हात बघितला. मला वाटलं, मारेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तांब्यातून पाणी आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मास्तर, म्या तुमाले इचारलं होतं." बस. मी तांब्या धरून उभा राहिलो.

माझ्या जागी दुसरा सुपरिंटेंडंट आला. पुन्हा महारच. वकीलसाहेबांची पुन्हा वर्तमानपत्रात स्तुती. तो धामणगाव बढ्याचा माझाच विद्यार्थी, जो मॅट्रिक झाला तो. बाजारात भेटला एकदा. पायाला हात लावला. म्हणाला, "गुरुजी, मी नाही आलो असतो तं दुसरा कोनी आलाच असता. पोरायची सोय तं होते." त्याचं अक्षर माझ्याहून सुंदर आहे. मी त्याला शिव्या देऊ शकलो नाही. ती भाषा माझीच होती. आठांपैकी चार पोरांना त्यांच्या बापांनी घरी नेलं. तिघांनी लिहून दिलं की त्यांना बोर्डिंगात काही त्रास नाही. ती अजून तिथं आहेत. आता शेड टिनाचं नाही, विटांचं आहे. मागचं दार तिथंच आहे.

मी पिंपळगावला परतलो. लोकांच्या वावरात राबतो. आमच्या लोकांच्या सभा होतात, त्यांत जातो, बोलतो. तिथंही काही जण म्हणतात, मास्तर, तुम्ही भडकू होता, हातातलं घालवून बसलात. बाप मेला. कात्रण मी त्याच्या फेट्यातून काढलं नाही, त्याच्यासोबतच गेलं.

शाळा उघडायच्या आधी आसपासच्या गावांतून आया मला विचारायला येतात. मास्तर, बोर्डिंगात घालू काय पोराले? तथी पान्याले हात लावू देतीन काय? मी 'नाही' म्हणतो. काय काय होतं ते एकेक सांगतो, पेले, शेड, फुंकणी, बोटं. काही पोराला घेऊन परत जातात. काही म्हणतात, मंग शाळा कथी शिकन तो? याचं खोटं उत्तर मी बनवून सांगत नाही.

पण एक करतो. शाळा उघडायच्या पहिल्या दिवशी, भेटीच्या नव्हे, पहिल्या दिवशी, मी त्या ओसरीवर जातो आणि माठात हात घालतो. पहिल्या वर्षी मला बाहेर फेकलं. दुसऱ्या वर्षी मारलं, दोन दात गेले. तिसऱ्या वर्षी पोलिसांनी नेलं, दुसऱ्याच्या आवारात शिरला म्हणून आठवडाभर कोठडीत ठेवलं. दरवेळी ते माठ फोडतात आणि दुसरा आणतात. माझ्यासोबत कोणी येत नाही. आमची पोरं शेडच्या कोपऱ्यावरून बघतात आणि आत पळतात. माझा विद्यार्थी ऑफिसचं दार लावून घेतो. काही बदललेलं नाही आणि माझ्या हयातीत बदलेल असंही मला दिसत नाही. नवे माठ करायला कुंभार पुष्कळ आहेत.

दोन महिन्यांनी शाळा उघडेल. मी जाणार आहे. आचारी तोच आहे. तो विचारेल, कोनता हात लावला बे. मी हात पुढं करणार नाही. तो माठातच असेल.